हरण्याचा अधिकार

नव्या लेखिकेचे पुस्तक चर्चेला आले, की शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठतात आणि म्हणतात, ‘विषय उत्तम आहे, तळमळही पोचते, पण दर्जाचे काय?’ मराठीच्या अध्यापनात वीसेक वर्षे घालवलेल्या आम्हा मंडळींना हे गृहस्थ चांगले परिचयाचे आहेत. दलित साहित्य छापून येऊ लागले तेव्हाही ते होते, बायका आत्मचरित्रे लिहू लागल्या तेव्हाही होते. त्यांचा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी असतो. दर्जाची काळजी कोणाला नसते? तथापि हा प्रश्न ते कोणाला विचारतात आणि कोणाला विचारत नाहीत याची नोंद ठेवण्याची सवय लावून घेतली, की त्या काळजीचे खरे स्वरूप ध्यानात येते. हेच गृहस्थ आम्हाला अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटले : ऑस्ट्रेलियातील फुटबॉलच्या मैदानावर. प्रस्तुत लेखन त्यांच्याशी वाद घालण्यासाठी आहे.

वादाचा विषय आहे मेलबर्न शहरातील कार्लटन क्लबाचा महिला संघ आणि त्याचे २०१७ ते २०१९ हे पहिले तीन मोसम. या संघाच्या बाजूने सहसा जे बोलले जाते ते असे, की या मुलींनी स्वतःला सिद्ध केले, टीकाकारांची तोंडे बंद केली, इतिहास घडवला. आम्हाला हा बचाव मान्य नाही. किंबहुना तो मूळ आरोपाइतकाच घातक आहे असे आमचे मत आहे. ‘सिद्ध केले’ असे म्हणणारा माणूस सिद्ध करण्याची अट आधीच मान्य करून बसलेला असतो. आमचे म्हणणे वेगळे आहे. एखादा खेळ एखाद्या समूहाचा झाला हे ओळखायचे कशावरून? तो समूह त्या खेळात किती जिंकला यावरून नव्हे. तो हरला असता त्याच्या असण्यावरच खटला भरला जातो की नाही, यावरून.

आधी खेळाविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण ‘फुटबॉल’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येणारा खेळ तो हा नव्हे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर, लंबगोल चेंडूने खेळतात. चेंडू लाथेने मारता येतो, मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे देता येतो, ठरावीक अंतरावर जमिनीवर आपटत तो घेऊन धावताही येते; फेकता मात्र येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने थेट पार झाला तर गोल आणि सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एकच गुण. पुरुषांच्या सामन्यात प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू असतात. महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ साली सुरू झाली तेव्हा संख्या सोळा ठरवली गेली, सत्रे वीसऐवजी पंधरा मिनिटांची केली गेली आणि चेंडू किंचित लहान घेतला गेला. हे फरक लक्षात ठेवावेत. पुढे कामाला येतील.

स्त्रिया हा खेळ २०१७ साली खेळू लागल्या असेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, पर्थ शहरात दुकानांतून काम करणाऱ्या मुली हा खेळ खेळल्याची नोंद आहे. व्हिक्टोरिया राज्यात स्त्रियांची स्वतंत्र लीग १९८१ साली चार संघांनिशी सुरू झाली आणि पुढची पस्तीस वर्षे ती स्वतःच्या बळावर चालली. नव्हती ती गोष्ट म्हणजे मोठ्या क्लबांची छत्रछाया, त्यांची मैदाने, त्यांचे प्रशिक्षक, त्यांचा पैसा आणि दूरचित्रवाणी. ती छत्रछाया २०१७ मध्ये आठ क्लबांनी धरली. कार्लटन त्यांपैकी एक.

लीगचा पहिलाच सामना ३ फेब्रुवारी २०१७ रोजी कार्लटन आणि त्यांचे परंपरागत प्रतिस्पर्धी कॉलिंगवुड यांच्यात झाला. मुळात तो कॉलिंगवुडच्या सरावाच्या लहानशा मैदानावर व्हायचा होता. मागणी पाहून तो कार्लटनच्या जुन्या प्रिन्सेस पार्क मैदानावर हलवावा लागला. तेही अपुरे पडले. २४,५६८ प्रेक्षक आत आल्यावर दरवाजे बंद केले गेले, आणि बाहेर राहिलेल्या लोकांची क्षमा मागायला लीगचे मुख्याधिकारी गिलन मॅकलाकलन स्वतः रस्त्यावर आले. पहिला गोल कॉलिंगवुडच्या जास्मिन गार्नरने केला, पण त्या रात्री तो त्यांचा एकमेव गोल ठरला. कार्लटनच्या डार्सी व्हेसिओ यांनी एकट्याने चार गोल केले आणि कार्लटनने ४६ विरुद्ध ११ असा सामना जिंकला.

इथे आपले गृहस्थ पहिल्यांदा उठतात. ‘प्रवेश फुकट होता,’ ते म्हणतात. खरे आहे, फुकट होता. पण फुकट आहे म्हणून चोवीस हजार माणसे शुक्रवारी संध्याकाळी जातील अशी या शहरात किती ठिकाणे आहेत? सार्वजनिक वाचनालयेही फुकट असतात. त्यांच्या दाराशी पोलीस उभे करावे लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यातही गंमत अशी, की प्रवेशशुल्क न ठेवण्याचा निर्णय खेळाडूंचा नव्हता, लीगचा होता. लीगने आधी मालाची किंमत शून्य ठरवायची आणि मग लोकांनी किंमत मोजली नाही म्हणून माल हलका ठरवायचा, हा न्याय अजब आहे. खेळाडूंची किंमतही अशीच ठरली होती. पहिल्या मोसमात बहुसंख्य खेळाडूंना ८,५०० डॉलर मिळाले, मोजक्या नामांकित खेळाडूंना २७,०००. त्याच काळात पुरुष खेळाडूची सरासरी वार्षिक मिळकत तीन लाख डॉलरांच्या पुढे होती. म्हणजे बहुतेक मुली दिवसभर नोकरी किंवा शिक्षण करून संध्याकाळी सरावाला येत, आणि पुरुषांच्या मोसमाला धक्का लागू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात, फेब्रुवारी-मार्चमध्ये सामने खेळत.

मग गृहस्थ दुसऱ्यांदा उठतात आणि त्यांचा आवडता शब्द उच्चारतात. दर्जा. गोल कमी होतात, चेंडू हातातून निसटतात, लाथ लांब जात नाही. यातील प्रत्येक विधान एखाद्या सामन्यापुरते खरे असू शकेल आणि ते करण्याचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे. आमचा आक्षेप निरीक्षणाला नाही. त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. सोळा जणींनी साठ मिनिटांत केलेल्या गुणांची अठरा जणांनी ऐंशी मिनिटांत केलेल्या गुणांशी सरळ वजाबाकी करणारा माणूस गणितात नापास होईल, पण ती बाजू सोडून देऊ. अधिक महत्त्वाचा मुद्दा असा, की दर्जा ही आभाळातून पडणारी वस्तू नव्हे. ती साचत जाते.

एरिन फिलिप्स हिचे उदाहरण घ्यावे. ही कार्लटनची नव्हे, ॲडलेडची खेळाडू. पण आमच्या मुद्द्याला तिच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. तिचे वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट ॲडलेड क्लबाचे मोठे खेळाडू. मुलगी लहानपणापासून मुलांच्या बरोबरीने खेळली, आणि तेराव्या वर्षी थांबली. कारण त्यापुढे मुलांत खेळण्याची मुभा नव्हती आणि मुलींचा मार्ग अस्तित्वात नव्हता. ती बास्केटबॉलकडे वळली, २००८ साली ऑलिम्पिकचे रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात खेळली, अमेरिकेतील व्यावसायिक लीगची दोन अजिंक्यपदे जिंकली. फुटबॉलकडे परत आली ती तिशी ओलांडल्यावर, आणि २०१७ साली पहिल्याच मोसमात लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. या घटनेकडे ‘बघा, प्रतिभा लपत नाही’ असे कौतुकाने पाहण्याची पद्धत आहे. आम्हाला यात कौतुक दिसत नाही, हिशेब दिसतो. तेरा ते एकतीस ही खेळाडूच्या आयुष्यातील ऐन अठरा वर्षे ज्या खेळाने तिला नाकारली, त्या खेळाने आता तिच्या पिढीला दर्जा विचारावा? हातपाय बांधून विहिरीत ढकललेल्या माणसाला पोहता येत नाही असा शेरा मारण्यापैकीच हे आहे.

आणि पुरुषांच्या लीगचा आरंभ तरी कसा होता? ही लीग १८९७ साली आठच संघांनी सुरू केली. कार्लटन त्यातही होते. सुरुवातीच्या वर्षांत हा संघ गुणतक्त्याच्या तळाशी घुटमळत होता. त्याला पहिले अजिंक्यपद मिळाले १९०६ साली, म्हणजे दहाव्या मोसमात. सेंट किल्डा क्लबाची कथा तर याहून रंजक आहे. पहिल्या तीन मोसमांत या संघाने एकही सामना जिंकला नाही. १८९९ साली जिलाँगविरुद्धच्या सामन्यात जिलाँगचे गुण झाले १६२ आणि सेंट किल्डाचा एक. एक गोल नव्हे, एक गुण. आता आमचा साधा प्रश्न असा, की या निकालानंतर कोणी पत्रे लिहिली का, की पुरुषांना हा खेळ झेपत नाही, त्यांच्या शरीराची ठेवणच त्याला अनुकूल नाही, ही लीग घाईने सुरू केली गेली? सेंट किल्डा क्लब आजही आहे, आजही खेळतो आणि आजही पुष्कळदा हरतो. त्याच्या हरण्याला त्या शहरात एक प्रकारची माया मिळालेली आहे. पुरुषांच्या पराभवांची दंतकथा होते; बायकांच्या पराभवाचा मात्र पुरावा होतो.

याचे सर्वांत लख्ख प्रात्यक्षिक २०१८ साली कार्लटन क्लबातच झाले, आणि ते इतके नेमके आहे की एखाद्या कादंबरीकाराने रचले असते तर आम्ही त्याला कृत्रिमतेबद्दल टोकले असते. त्या वर्षी कार्लटनचा महिला संघ आठ संघांत आठवा आला. सातपैकी दोन सामने जिंकले, पाच हरले. कर्णधार ब्रियाना डेव्ही गुडघ्याच्या दुखापतीने उरलेल्या मोसमासाठी बाहेर गेली होती. काही महिन्यांनी पुरुषांचा मोसम संपला. कार्लटनचा पुरुष संघ अठरा संघांत अठरावा आला. बावीस सामन्यांपैकी दोन जिंकले, वीस हरले. एकच क्लब, एकच निळा गणवेश, एकच वर्ष, दोन्ही तळाला. त्यातही बायकांची कामगिरी टक्केवारीने किती तरी उजवी.

आता दोन्ही पराभवांवरील भाष्य शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पुरुष संघाविषयी विचारले गेले : प्रशिक्षक बदलावा का? तरुण खेळाडूंना किती वेळ द्यावा? व्यवस्थापनाचे काय चुकले? हे सर्व प्रश्न योग्य आहेत. ते संघाविषयीचे आहेत. महिला संघाविषयी, आणि त्याच्यासारख्या इतर संघांविषयी, विचारले गेले : ही लीग फार लवकर सुरू केली का? हे लोकांना पाहावेसे वाटते का? यावर पैसा घालावा का? हे प्रश्न संघाविषयीचे नाहीत, त्याच्या अस्तित्वाविषयीचे आहेत. त्याच मोसमाच्या आरंभी कार्लटन-कॉलिंगवुड सामन्यात गोल कमी झाले, तर लीगच्या कार्यालयातून सर्व महिला संघांना लेखी सूचना गेली, की खेळाडूंची मांडणी बदला, खेळ मोकळा करा, गोल वाढवा. एका सामन्यानंतर! पुरुषांचा एखादा सामना रटाळ झाला म्हणून दुसऱ्याच आठवड्यात अठरा प्रशिक्षकांना कसे खेळावे याचे पत्र जाईल, अशी कल्पनाही त्या देशात कोणी करणार नाही.

इथे एक बारकावा नजरेआड होता कामा नये. ऑस्ट्रेलियन फुटबॉलने पुरुषांच्या हरण्याची नुसती गय केलेली नाही, तर हरण्याची रीतसर व्यवस्था लावलेली आहे. वर्षाअखेर नव्या खेळाडूंची निवड होते तेव्हा तळाच्या संघाला पहिली निवड मिळते. २०१८ च्या त्या दारुण मोसमानंतर कार्लटनने याच नियमाने सॅम वॉल्श हा उमदा खेळाडू पहिल्या क्रमांकावर निवडला. म्हणजे हरलेल्याला आधार द्यावा, त्याला पुन्हा उभे राहू द्यावे, त्यातच खेळाचे हित आहे, हे तत्त्व या व्यवस्थेला चांगले ठाऊक आहे. आणि हेच तत्त्व बायकांना लावले की तेही फळते, याचा पुरावा पुन्हा कार्लटननेच दिला. महिलांच्या निवडीत त्याच वर्षी त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर मॅडिसन प्रेस्पाकिस ही तरुण मुलगी घेतली. २०१९ साली ती लीगची सर्वोत्तम नवोदित ठरली, २०२० साली सर्वोत्तम खेळाडू. आणि २०१८ मध्ये तळाला असलेला संघ २०१९ मध्ये अंतिम सामन्यात उतरला.

आमच्या बाजूचे लोक इथे विजयाच्या आरोळ्या ठोकतात. आम्ही ठोकणार नाही, कारण तो अंतिम सामनाही निर्भेळ नव्हता. त्या वर्षी लीगने दोन नवे संघ वाढवून संख्या दहा केली, पण फेऱ्या सातच ठेवल्या. पहिल्या दोन मोसमांत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळे; आता ते अशक्य झाले, म्हणून संघांचे दोन गट पाडले आणि प्रत्येक गटातील दोन संघ पुढे गेले. परिणाम असा झाला, की चार सामने जिंकून कार्लटन आपल्या गटात पहिले आले, आणि दुसऱ्या गटात पाच सामने जिंकूनही नॉर्थ मेलबर्न बाहेर राहिले. कार्लटनने उपांत्य सामन्यात फ्रीमँटलला हरवून आपली जागा मैदानावर मिळवली हे खरे; पण ३१ मार्च २०१९ रोजी ॲडलेड ओव्हलवर त्यांचा ६३ विरुद्ध १८ असा मोठा पराभव झाला. लगेच गृहस्थ उठलेच : ‘अंतिम सामना असा एकतर्फी?’ गट पाडणाऱ्यांना, फेऱ्या न वाढवणाऱ्यांना कोणी काही विचारले नाही. आराखडा कार्यालयात चुकला आणि त्याची लाज मैदानावरच्या मुलींच्या पदरात टाकली गेली.

त्या सामन्याला ५३,०३४ प्रेक्षक आले होते. तिसऱ्या सत्रात एरिन फिलिप्सचा गुडघा निकामी झाला आणि तिला मैदानाबाहेर नेले जात असताना सारे मैदान उभे राहिले. कार्लटनच्या खेळाडूही टाळ्या वाजवत होत्या. महिलांच्या या लीगमध्ये गुडघ्याच्या अशा दुखापती पुरुषांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक होत आल्या आहेत. अर्धवेळ सराव, तोकडी पूर्वतयारी, लहानपणापासून या खेळाची सवय नसलेले शरीर, अशी कारणे पुढे मांडली गेली आहेत. त्यांतील बहुतेक पैशाने आणि वेळाने दूर होण्याजोगी आहेत. परंतु इथेही गृहस्थांचा निष्कर्ष तयार असतो : ‘म्हणूनच म्हणतो, हा बायकांचा खेळ नव्हे.’ पुरुषाचा गुडघा गेला तर ती खेळाची किंमत. बाईचा गेला तर तो निसर्गाचा कौल.

या अंतिम सामन्याच्या दोनच आठवडे आधीची एक घटना जगभर गाजली. १७ मार्च २०१९ रोजी कार्लटनची टेला हॅरिस गोलावर लाथ मारत असतानाचे छायाचित्र मायकल विल्सन यांनी टिपले. लाथ मारून झाली आहे, पाय डोक्याच्या उंचीपर्यंत गेला आहे, दुसरा पायही जमिनीवरून सुटला आहे. सामने दाखवणाऱ्या वाहिनीने ते छायाचित्र प्रसृत केले. त्याखाली इतक्या गलिच्छ शेऱ्यांचा वर्षाव झाला, की वाहिनीने शेरे काढण्याऐवजी छायाचित्रच काढून टाकले. ओरड झाल्यावर क्षमा मागून ते पुन्हा लावले. हॅरिसने त्या शेऱ्यांना लैंगिक छळ असे स्पष्ट नाव दिले. सप्टेंबरमध्ये मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये त्या लाथेचा कांस्य पुतळाही उभा राहिला. लीगची प्रायोजक असलेल्या बँकेने तो करवून घेतला होता.

पुतळ्यावरून दोन तट पडले. एक म्हणे, बावीस वर्षांच्या मुलीने पुतळा मिळण्याजोगे केले काय? दुसरा म्हणे, ती स्त्रीशक्तीचे प्रतीक आहे. आम्हाला दोन्ही तट सारखेच चुकलेले वाटतात, कारण दोघेही छायाचित्रात जे आहे ते सोडून बोलतात. त्यात एक लाथ आहे. मागे नेलेला हात, तोलाला दिलेली कंबर, लांबवर खिळलेली नजर, वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरलेली एक क्रिया. शेरे मारणाऱ्यांना त्यात फक्त मांडी दिसली, प्रशंसकांना फक्त प्रतीक दिसले. खेळ कोणालाच दिसला नाही. आमच्या वर्गात एखाद्या कवितेतील एकही ओळ न वाचता केवळ कवयित्रीचा ‘संघर्ष’ सांगून उत्तरपत्रिका भरणारे विद्यार्थी असतात. त्यांना आम्ही गुण देत नाही. हॅरिसचे कौतुक करणाऱ्या कित्येकांना तिचा संघ त्या दिवशी कोणाशी खेळत होता एवढेही सांगता आले नसते. वेस्टर्न बुलडॉग्जशी.

हितचिंतकांचा हा भाबडेपणा आम्हाला गृहस्थांच्या उपहासाइतकाच खुपतो, कारण त्याची किंमत खेळाडूंनाच द्यावी लागते. ज्यांना ‘प्रेरणा’ म्हणून गौरवले जाते त्यांनी मागणी करायची नसते. २०१९ च्या उत्तरार्धात खेळाडूंपुढे नवा करार मतासाठी आला. मंजुरीला पंचाहत्तर टक्के मते हवी होती. सत्तर टक्के पडली आणि करार अडला. विरोध करणाऱ्या खेळाडूंचे मुख्य म्हणणे काय होते? सामने वाढवा, संघ वाढतात तसा मोसमही वाढू द्या. म्हणजे त्यांना अधिक खेळायचे होते. तोच त्यांचा उद्दामपणा ठरला! एवढे मिळाले, तरी समाधान नाही. ज्यांनी दार उघडले त्यांच्याविषयी कृतज्ञता नाही, असा सूर उमटला. कृतज्ञतेची अपेक्षा पाहुण्याकडून असते. घरच्या माणसाने जेवायला मागितले तर त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही.

आणि पाहुणचाराचा हा करार अद्याप संपलेला नाही. आज लीगमध्ये सर्व अठरा क्लबांचे महिला संघ आहेत, मोसम उन्हाळ्यातून बाहेर आला आहे, मानधन पुष्कळ वाढले आहे. हे आम्ही नाकारत नाही. परंतु २०२५ च्या मोसमात अठरा संघांना प्रत्येकी बाराच सामने मिळाले, पुरुषांना तेवीस. म्हणजे २०१७ साली आठ संघांना जे न्याय्य वेळापत्रक मिळाले होते, ते आज अठरा संघांना नाही. शिवाय २०२३ च्या करारात सामन्यांची पुढील वाढ प्रेक्षकसंख्येच्या अटीशी बांधलेली आहे. आधी लोक आणा, मग खेळू देऊ. पुरुषांचा सेंट किल्डा या अटीवर १८९९ चा हिवाळा तरी पार करू शकला असता काय?

आपल्याकडील वाचकाने ही दूरदेशीची कथा म्हणून बाजूला ठेवू नये. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडच्या अग्रलेखांतून, चावडीवरून, नातेवाइकांच्या निरोपांतून एकच वाक्य घुमले : ‘अखेर सिद्ध केले.’ आनंद आम्हालाही झाला. सांगलीच्या स्मृती मानधनाचा त्या संघातील वाटा पाहून अंमळ जास्तच झाला. पण या वाक्याचा अर्थ काय होतो? २००५ साली, २०१७ साली अंतिम सामने हरलेल्या मुली तोवर काय उमेदवारी करीत होत्या? मार्च २०२० मध्ये याच मेलबर्न शहरात ८६,१७४ लोकांसमोर वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपण ८५ धावांनी हरलो. त्या रात्रीही हा खेळ त्यांचाच होता. नवी मुंबईत तो त्यांचा झाला नाही. तिथे त्या केवळ जिंकल्या.

कोणी म्हणेल, मग टीका करायचीच नाही काय? आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. टीका करावी, कसून करावी. २०१८ मध्ये कार्लटनचा बचाव का ढासळला, २०१९ च्या अंतिम सामन्यात मधल्या फळीने चेंडूचा ताबा का गमावला, यावर तासन्तास भांडावे. खराब लाथेला खराब लाथ म्हणावे. ‘किती गोड प्रयत्न केला’ असे म्हणू नये. समीक्षा ही आदराची खूण आहे, हे आम्ही पोटापाण्याच्या धंद्यातून शिकलो आहोत. मात्र समीक्षा आणि हकालपट्टीचा अर्ज यांतील फरक कळला पाहिजे. वाईट कादंबरी लिहिणाऱ्या पुरुषाला आपण वाईट कादंबरीकार म्हणतो. वाईट कादंबरी लिहिणाऱ्या बाईपाशी आपण कादंबरी या प्रकाराविषयीच शंका काढू लागलो, तर आपण समीक्षक उरत नाही, दारवान होतो.

तेव्हा शेवटच्या रांगेतील गृहस्थांना आमची विनंती एवढीच आहे. कार्लटनच्या मुली पुन्हा कधी तरी तळाला जातील. अठरा संघांत कोणी तरी जातेच. त्या वर्षी आपण अवश्य उठावे, त्यांच्या बचावफळीला, त्यांच्या प्रशिक्षकाला मनसोक्त शिव्या घालाव्यात, आणि पुरुष संघाचे हताश समर्थक म्हणत आले आहेत तेच म्हणावे : ‘जाऊ दे, पुढच्या मोसमात बघू.’ एवढे वाक्य आपल्या तोंडून निघाले, की आमचा वाद मिटला.